झगेवाल्याचा कौल

आमच्या वाचनालयात टीव्ही आला, त्याच्या आदल्या आठवड्यात टीव्हीसमोर कोणी कुठे बसायचं याची बैठक झाली. गाव आरोंदा आणि शिरोडा यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. जत्रेत देवीचा नारळ ज्या क्रमाने मानकऱ्यांच्या हातात पडतो, त्याच क्रमाने खुर्च्या मांडायच्या असं ठरलं. पहिली खुर्ची अर्थातच वाचनालयाच्या अध्यक्षांची, कारण गावचे पहिले मानकरीही तेच. ते कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर त्यांनी गावाचीच कचेरी केली होती. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. म्हणजे सगळ्यांत जवळ बसणाऱ्या माणसाला सगळ्यांत कमी दिसत होतं. हे बोलून दाखवण्याचा मान मात्र कोणालाच नव्हता.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे आणि वाचनालयाचा चिटणीस होतो. किल्ली माझ्याकडे, आणि गोव्याच्या दिशेला तोंड करून बांबूवर बांधलेला अँटेना हलवायचं कामही माझ्याकडे. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. टीव्ही सुरू करायच्या दिवशी अध्यक्षांनी नारळ फोडला, देवीला गाऱ्हाणं घातलं आणि चित्र स्वच्छ दिसू दे, मुंग्या येऊ नयेत, अशी तिला विनंती केली. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं असावं. मग अध्यक्षांनी नियम सांगितला. कार्यक्रमातली गोष्ट संपली की यंत्र लगेच बंद करायचं आणि झालरीचं कव्हर घालायचं, कारण यंत्र तापतं. त्यामुळे आमच्या गावाने वर्षभर टीव्ही बघितला, पण कुठल्याही कार्यक्रमाच्या शेवटी नावं येतात हे कोणी बघितलं नाही. भेळेच्या पुडीवरचा मजकूरही वाचणारा मी, मलाही त्याची आठवण राहिली नाही.

रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. तिचं नाव इथे सांगून उपयोग नाही, कारण गावात ते कोणी घेत नसे. नायक दिवसा जनावरांचा डॉक्टर. कुठे संकट आलं की तोंडावर नाकापर्यंत निळा बुरखा आणि खांद्यावरून खाली लोळणारं पिवळं वस्त्र. त्याने तळहात उगारला की समोरची गोष्ट जागच्या जागी थांबायची. ट्रक थांबे, आग थांबे, एकदा तर पडणारी इमारत अर्ध्यात थांबली होती. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं झगेवालो. मोठी माणसं आम्ही मुलांसाठी बघतो असं सांगत आणि पावणेदहालाच येऊन बसत. माझी त्याच्याबद्दल एकच तक्रार होती. जगात एवढं सगळं थांबवण्याची ताकद असलेला माणूस जनावरांच्या दवाखान्यात रजेचा अर्ज का करत बसतो, हे लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलं नव्हतं.

ज्या भागाची ही आठवण आहे त्यात धरण फुटलं. खाली गाव. झगेवाल्याने फुटलेल्या भिंतीसमोर उभं राहून तळहात उगारला आणि पाणी थांबलं. गावातली माणसं टेकडीवर पोचली. मग त्याचा हात कापायला लागला. पाणी सुटलं. शेवटी नुसतं पसरलेलं पाणी, आणि त्यावर ते पिवळं वस्त्र. संगीतसुद्धा नव्हतं. मी नियमाप्रमाणे बटण बंद केलं, पण कव्हर घालायला कोणी उठलं नाही.

पहिली बोलली ती मासे विकणारी काकी. ती कधी आत येत नसे. माशांची पाटी बाहेर ओट्यावर ठेवून खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची. तिथून चित्रही दिसतं आणि बघणाऱ्यांची तोंडंही दिसतात, असं तिचं म्हणणं होतं. तिने सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "मेलो म्हणून सांगतत, मगे मडा खंय दाखवल्यानी?"

यावर आठवडाभर वाद झाला. काकीच्या मते बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतोच, त्याला झगा असो नसो. रस्त्यापलीकडे कापडाचं दुकान असलेल्या चाचांचं मत वेगळं होतं. ते म्हणत की साटीनचं एवढं मोठं कापड अंगाला बांधून कोणी पाण्यात उतरला तर पोहणाऱ्याचेही हात बांधले जातील. मेला असेल तर तो कापडाने मेला, पाण्याने नव्हे. चाचांच्या घराण्यात पूर्वी गलबतं होती. त्यामुळे पाणी आणि कापड या दोन्ही विषयांत त्यांचा शब्द सहसा कोणी खोडत नसे. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मला दोनदा विचारण्यात आलं. नायक मेला तर मालिका कशी चालणार, असं मी दोन्ही वेळा म्हटलं. हे उत्तर फार हलक्या मनाचं आहे असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्या रविवारी सगळे लवकर येऊन बसले आणि टीव्हीवर क्रिकेट लागलं. मालिका त्या आठवड्यापुरती रद्द. खोलीत आधी चिडचिड झाली, मग संशय आला. मेलेला आहे म्हणूनच दाखवत नाहीत, असं एकाने म्हटलं. मुद्दाम लपवतायत, असं दुसऱ्याने. तेव्हा कपाटाला टेकून मी जे बोललो, ते बोललो नसतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. मी म्हटलं, "एवढो वाद कित्याक? देवीक कौल लावा."

मी थट्टा केली होती. अध्यक्षांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "चिटणीसांची सूचना योग्य आहे."

आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घर, हरवलेली म्हैस, होडी पाण्यात ढकलायचा दिवस, सगळं गाव असं विचारून करतं. कौल लावायचा हक्क एका गुरवाचा. तो आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर होतो. वडील अचानक गेले आणि दहाव्या वर्षी तो देवळात बसला. तेव्हापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बुटका, कमी बोलणारा, हात मात्र सुंदर. पाकळी लावताना ते हात एखाद्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखे चालत. रविवारी सकाळी पूजा असल्यामुळे त्याने झगेवाल्याला कधी बघितलेलं नव्हतं.

सगळी खोली देवळात आलेली बघून त्याला वाटलं गावात कोणी गेलं. प्रश्न कळल्यावर त्याने हातातलं तबक खाली ठेवलं. मग अध्यक्षांना हळू आवाजात म्हणाला, "देवीक असला इचारूचा नसता."

अध्यक्षांनी त्याला ऐकवलं की देवीला काय विचारायचं ते देवस्थानचे पंच, म्हणजे मानकरी ठरवतात, गुरवाने पाकळी लावायची. मग त्यांनी स्वतः गाऱ्हाणं घातलं. ते लांबलचक होतं आणि त्यात धरणाचं वर्णनही होतं. तो वीरपुरुष परत येणार असेल तर उजवी दे, येणार नसेल तर डावी दे. व्हय म्हाराजा. मी संशयी माणूस. त्यामुळे सगळे पाकळ्यांकडे बघत असताना मी गुरवाच्या हातांकडे बघत होतो. हात मांडीवर होते. डावी पाकळी पडली, आणि कौलाच्या मानाने लवकर पडली.

बाहेर येताना काकी नुसती "गेलो तर" म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

अध्यक्षांनी बुधवारी वाचनालयात शोकसभा घेतली. शोकसभेला तसबीर लागते, म्हणून मला एका साप्ताहिकाचं मुखपृष्ठ कापावं लागलं. त्यावर झगेवाला होता, हाताचा तळवा पुढे केलेला, आणि खाली त्या नटाचं नाव छापलेलं. अध्यक्षांनी गुरवाला बोलावून तसबिरीला गंध लावून घेतलं. गुरवाने देवीला लावतो तसंच सावकाश, कागदाजवळ तोंड नेऊन लावलं. मग अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. दिवंगताशी आपला प्रत्यक्ष परिचय नव्हता, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मला त्याबद्दल थोडी शंका होतीच. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. ठराव मी लिहिला.

त्यानंतरच्या रविवारी मालिका लागली. पहिल्याच दृश्यात चिखलातून एक हात वर आला, मग निळा बुरखा, मग सगळा झगेवाला. उभा राहून त्याने चिखल झटकला आणि तो शहराकडे चालायला लागला.

मला वाटलं होतं की खोलीत टाळ्या पडतील. कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतली डोकी एकेक करून वळली आणि अध्यक्षांच्या काळ्या चष्म्यावर स्थिरावली. अध्यक्षांना किती दिसलं होतं देव जाणे, पण झगेवाल्याचं संगीत त्यांनी ओळखलं असणार. गोष्ट संपल्यावर मी बटण बंद केलं. खिडकीतून काकी म्हणाली, "देवी खोटी सांगूची नाय. मगे खोटो कोण?"

सगळी गाडी तिथून गुरवावर गेली. देवी चुकत नाही आणि गाऱ्हाणं तर पहिल्या मानकऱ्याने घातलेलं, म्हणजे चूक पाकळी लावणाऱ्या हाताची. पाकळी कमी ओली होती, असं एकाने सांगितलं. तिरकी लावली होती, असं दुसऱ्याने. दोघेही माझ्या मागे उभे होते, तिथून त्यांना पाकळी दिसणं शक्य नव्हतं, पण मला कोणी विचारलं नाही. मग आधीचे कौलही लोक आठवू लागले. अमक्याची म्हैस कौलाने सांगितलेल्या दिशेला मिळाली नव्हती. तमक्याचं लग्न उजवा कौल घेऊन केलं आणि बायको माहेरी राहिली. आठवडाभरात गुरवाच्या वीस वर्षांतल्या चुका बाहेर आल्या. काकीने मुलीच्या सोयरिकीचा कौल घ्यायला दुसऱ्या गावची देवी गाठली, आणि ते तिने लपवलं नाही.

गुरवाला एक चुलत भाऊ होता. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि ढोल त्याच्याकडे; कौल तेवढा नव्हता. तो वाचनालयात कधी न येणारा माणूस अचानक वर्तमानपत्र वाचायला येऊ लागला आणि नेमका अध्यक्षांच्या शेजारी बसू लागला. वर्तमानपत्र त्याने एकदा उलटं धरलेलं मी बघितलं. थोड्या दिवसांनी अध्यक्षांनी मला नोटीस लिहायला सांगितली. देवस्थानच्या पंचांची बैठक, चार रविवारांनंतर, विषय एकच: कौल लावण्याचा हक्क या घराकडे ठेवावा की त्या घराकडे द्यावा.

नोटीस लावली त्या संध्याकाळी गुरव माझ्या घरी आला. खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसला. थट्टा माझी होती, हे त्याला माहीत होतं. त्याने तो विषय काढला नाही, आणि त्यामुळे मला जास्त त्रास झाला. मी सांगायला लागलो की मालिका मुंबईत कोणीतरी टेबलाशी बसून लिहितो, देवीचा त्यात काय संबंध, पंचांना मी समजावतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ता तू समजावशीत. पण कौल माझ्याकडसून गेलो तर मी काय करू? माका दुसरा काय येता?" मग त्याने पुढचं सांगितलं. "माका त्येका एकदा बघूचो आसा."

पुढचे तीन रविवार त्याने पूजा लवकर उरकली आणि वाचनालयात आला. त्याच्यासाठी खुर्ची ठरलेली नव्हती. तो दाराशी चपलांजवळ बसला. लोक त्याच्याकडे वळून बघत आणि परत चित्राकडे वळत. तो मात्र एकटक चित्राकडे बघे. गोष्टीत त्याला काही रस नव्हता. खलनायक काय करतोय, मुलीला कोणी पळवलं, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. झगेवाला पडद्यावर आला की तो पुढे झुके, गेला की मागे टेके. तिसऱ्या रविवारी बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "ह्यो तो न्हय."

मी विचारलं, कशावरून.

"तसबिरीक गंध लावलंय तेव्हा बघलंय. त्येच्या हनवटीक खळ होती. ह्येच्या नाय."

आता इथे मी काय करायला हवं होतं? मला खात्रीने वाटलं की याने दोन रात्री जागून हे उत्तर शोधून काढलंय. हक्क जाणाऱ्या माणसाला खळी दिसते आणि हक्क मागणाऱ्याला ती दिसत नाही, हे कळण्याइतकी माणसं मी बघितली होती. तरी कपाटातून मुखपृष्ठ काढून मी ते उजेडात धरलं. गंधाचा डाग पडला होता. हनवटीवर काहीतरी सावलीसारखं होतं. ती खळी असेल, छपाईची शाई असेल. टीव्हीवर तर मुंग्यांतून माणसाला हनवटी आहे एवढंच कळायचं.

पण गुरवाचं बोलणं बाहेर गेलं, आणि मग एकेकाला दिसू लागलं. चाचांनी दुकानातून साटीनचा ताका काढून मला बाहीवर टाकून दाखवला. ते म्हणाले की पहिला झगा असा पडायचा, हा नवीन तसा पडत नाही, हे टेरिकॉट आहे, आणि तेही हलकं. काकीने सांगितलं की पहिला चालताना डावा खांदा पाडून चालायचा, हा काठी गिळल्यासारखा चालतो. हे सगळं त्यांना आधी का दिसलं नव्हतं, असं मी विचारलं. काकी म्हणाली, "आधी बघूक खंय सांगल्यानी?"

गाव दोन मतांचं झालं. आता रविवारी मालिका कोणी बघत नसे, सगळे झगेवाल्याला तपासत. त्याने तळहात उगारला की मागून कोणीतरी म्हणायचं, हाताची बोटं बघा. मी याआधी आणि यानंतरही कुठल्या कलाकृतीचं इतकं बारकाईने वाचन झालेलं बघितलेलं नाही, आणि त्यात कलेचा काही संबंध नव्हता.

पंचांची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. अध्यक्षांनी प्रकरणाची हकीकत सांगितली. चुलत भाऊ हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला की त्याला हक्क नको आहे, पण देवीची बदनामी बघवत नाही. मग गुरवाला विचारलं. त्याने बहुधा पाठ करून ठेवलं होतं.

"देवीन सांगल्यान तो येवचो नाय. तो येवक नाय. दुसरो इलो."

अध्यक्षांची अडचण मला लांबून दिसत होती. तोच माणूस परत आला म्हणावं, तर देवी खोटी ठरते. देवी खरी म्हणावी, तर परत आलेला माणूस दुसरा ठरतो आणि गुरवाचा हात निर्दोष होतो. पाकळी तिरकी लावली होती हा एकच रस्ता उरत होता. पण तिरक्या पाकळीसमोर एवढं लांबलचक गाऱ्हाणं घालणारे तेच होते. त्यांनी कचेरीत आयुष्यभर जे केलं तेच केलं. म्हणाले, पुरावा पाहिजे.

तेव्हा मला कव्हर आठवलं. मी उठलो आणि म्हटलं की दर भागाच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात. मुखपृष्ठावर पहिल्या नटाचं नाव छापलेलं आहे. येत्या रविवारी गोष्ट संपल्यावर यंत्र बंद करू नका, नावं वाचा, म्हणजे झालं. मला स्वतःला वाटत होतं की नाव तेच निघेल, आणि हे बोलून मी मित्राचा हक्क घालवतोय. तरी मी बोललो. खरं काय ते कळावं असं मला वाटलं, की एका थट्टेचं ओझं लवकर उतरावं असं वाटलं, हे मला अजून सांगता येत नाही. गुरवाने माझ्याकडे बघितलं. ते बघणं चांगलं नव्हतं.

रविवारी वाचनालयाच्या बाहेरसुद्धा माणसं होती. चाचा दुकान बंद करून आले. चुलत भाऊ पुढे खाली बसला. गुरव दाराशी. गोष्ट संपली आणि सवयीने माझा हात बटणाकडे गेला. अध्यक्षांनी "थांबा" म्हटलं. नावं आली. इंग्रजीत, बारीक, आणि वाऱ्याने अँटेना हलत असल्यामुळे मुंग्यांत बुडालेली. ती खालून वर अशा वेगाने जात होती की पुढे बसलेल्यांना ओळी तेवढ्या दिसल्या. अध्यक्षांनी मान वर करून चित्राकडे तोंड ठेवलं होतं आणि काही दिसत असल्यासारखे हळूहळू डोकं हलवत होते. मग म्हणाले, "मास्तर, आपण वाचावं."

मी यंत्रासमोर वाकलो, नाक काचेला लागेल इतका. तंत्रज्ञांची नावं सरून नटांची यादी आली, तिच्यात पहिलं नाव नायकाचं होतं. मुखपृष्ठ माझ्या हातात होतं. नाव दुसरं होतं. मी पुन्हा बघायचा प्रयत्न केला, पण तोवर ते वर जाऊन संपलं होतं. आडनावाचं पहिलं अक्षर वेगळं, नाव लांबीला दुप्पट. माझी चूक झाली असण्याला जागा नव्हती, आणि तरी मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत तसाच वाकून राहिलो.

"काय मास्तर?" अध्यक्षांनी विचारलं.

मी सरळ झालो आणि सांगितलं की नाव वेगळं आहे. नट बदललाय. पहिला माणूस परत आलेला नाही.

मी आयुष्यात पुष्कळदा खोटं बोललो आहे, आणि लोकांनी ते बहुतेक वेळा खरं मानलं आहे. त्या दिवशी मी खरं बोललो आणि खोलीत एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ते मला तोंडांवर स्पष्ट दिसलं. चाचा खाली बघून हसले. चुलत भाऊ म्हणाला की मास्तर आणि गुरव एका बाकावरचे, हे गावाला ठाऊक आहे. काकी खिडकीतून म्हणाली, "मास्तर खोटा कित्याक बोलतीत?" आणि ज्या सुरात म्हणाली, त्यात मी खोटं बोललो, का बोललो, आणि ते बरं केलं, हे तिन्ही होतं.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा बघा, हायस्कुलातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला सांगा. चुलत भावाने लगेच होकारार्थी मान हलवली. पण अध्यक्ष उभे राहिले होते. त्यांच्या एव्हाना लक्षात आलं होतं की नाव वेगळं असेल, तर मेलेला माणूस खरोखर मेला, आणि त्यांची शोकसभा गावात वेळेवर झालेली एकमेव योग्य गोष्ट ठरते. त्यांनी जाहीर केलं की चिटणीसांनी प्रत्यक्ष वाचलेलं आहे, पंचांना ते मान्य आहे, देवीचा कौल खरा ठरला आहे, हक्क आहे तिथेच राहील आणि प्रकरण निकाली निघालं आहे. यंत्र तापलं होतं. कव्हर घालण्यात आलं. पुढच्या रविवारपासून गोष्ट संपताच बटण बंद होऊ लागलं, आणि नावं पुन्हा कोणाला दिसली नाहीत.

काकीच्या मुलीची सोयरीक दुसऱ्या गावच्या देवीने डावी सांगितली होती. काकी ती घेऊन आमच्या देवीकडे आली. इथे उजवी पडली. लग्न झालं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी मी वह्या तपासत बसलो होतो तेव्हा गुरव आला. या वेळी खुर्चीवर बसला. हातात केळीच्या पानात बांधलेला प्रसाद होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि तो इकडचं तिकडचं कधी बोलत नसे. मग प्रसाद माझ्या वह्यांवर ठेवून म्हणाला, "तुझ्यासाठी कौल लावलंय."

मी विचारलं, कशाचा.

"तू माझ्यासाठी खोटा बोललंस त्येचो. इचारलंय, पाप लागता काय. नाय म्हणाली. डावी पडली."

मी पेन खाली ठेवलं. त्याला सांगितलं की मी खोटं बोललो नाही, नाव खरंच दुसरं होतं, मी नाक लावून वाचलं, आणि तो म्हणाला ते खरं होतं, तो माणूस परत आलेला नव्हता. त्याने मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी शपथेवर. मग मला कळलं की खळीचं त्यालाही कधी खरं वाटलं नव्हतं. तो आता माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी देवळात बघितली होती. कौलाला येऊन अर्धी हकीकत दडवणाऱ्या माणसाकडे तो असं बघतो. त्यात राग नसतो. तो नुसता थांबतो.

"पाकळी किती वेळान पडली?" मी विचारलं.

"लगेच."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. त्याने हात वर केला, पान माझ्याकडे सरकवलं आणि उठता उठता म्हणाला, "आता आनीक बोलू नको रे. माका परत इचारूचा लागतला."